सांडोरच्या बावखलात आर्किमिडीज

सांडोरमधल्या बायकांच्या नवऱ्यांना नाना खोडी होत्या. कुणाचा नवरा दिवस मावळला की ताडीच्या मडक्याकडे वळायचा. कुणाचा बोटीवर नोकरीला जायचा आणि वर्ष वर्ष तोंड दाखवायचा नाही. क्लेमेंटीनच्या नवऱ्याला यातलं काहीच नव्हतं. त्याला आर्किमिडीज होता.

“दारुडा असता तरी चाललं असतं,” ती म्हणायची. “दारू निदान सकाळी उतरते.”

प्लासिड मास्तर गावच्या शाळेत गणित शिकवत. सरळ माणूस. आवाज चढवणार नाही, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. बेचाळीस साली गावचे पाद्री बदलून गेले. जाताना त्यांनी आपली पुस्तकं वाटली. मास्तरांच्या वाट्याला एक बिनकव्हरचं इंग्रजी पुस्तक आलं. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या आर्किमिडीज नावाच्या गणितज्ञाचं चरित्र. लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. “पाद्री जाता जाता माझ्या घरात सवत ठेवून गेले,” असं क्लेमेंटीन सांगायची, आणि सांगताना हसायची नाही.

सवतीची सगळी माहिती तिला तोंडपाठ झाली. सिराक्यूज नावाचं बंदर. तिथला राजा. राजाचा मुकुट. न्हाताना पाण्यात बसल्यावर पाणी बाहेर सांडलं, म्हणून तसाच उघडा रस्त्यावर धावलेला तो माणूस. “आणि कुणी त्याला घरी नेऊन पांघरूण घातलं नाही?” तिनं पहिल्यांदा विचारलं होतं. मास्तर म्हणाले, पुस्तकात तसं काही नाही.

ताटात भाकरी पडली की मास्तर सुरीनं तिचे कोन पाडायचे. वर्तुळाचा घेर त्याच्या रुंदीच्या किती पट, हे त्या माणसानं शहाण्णव बाजूंची आकृती आखून कसं पकडीत आणलं, ते समजावून सांगायचे.

“किती पट?”

“तीनपट. आणि वर थोडं.”

“त्या थोड्यासाठी त्यानं एवढा जीव काढला?”

“त्या थोड्यातच सगळं आहे, क्लेमेंटीन.”

तोवर भाकरी गार झालेली असायची.

चुलत बहिणीच्या लग्नात तर मास्तरांनी कहर केला. मुलाकडून आलेली सोन्याची माळ मांडवात हातोहात फिरत होती. मास्तरांच्या हातात आल्यावर ती पुढे सरकली नाही. त्यांनी ती तोलली, काठोकाठ भरलेल्या पातेल्यात बुडवली, सांडलेलं पाणी मापलं, आणि चारचौघांत सांगितलं की यात तांबं बरंच आहे. लग्न मोडता मोडता राहिलं. त्या घराशी बोलणं मात्र कायमचं तुटलं.

“पण तांबं होतं की नव्हतं?” मास्तर पुढे कित्येक महिने विचारत राहिले.

“होतं.”

“मग?”

यावर क्लेमेंटीन कपाळाला हात लावायची. होतं हे खरंच होतं. तीच तर अडचण होती.

नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, घराघरातून गेलेल्यांची नावं देवळात द्यायची रीत. पाद्री ती वाचून दाखवतात आणि त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना होते. एका वर्षी पाद्रींनी प्लासिडच्या घरची नावं वाचली. सासरे. आजेसासू. तापानं गेलेली नणंद. आणि आर्किमिडीज. देवळातल्या बायका माना वळवून क्लेमेंटीनकडे बघू लागल्या. हा कोण, बोटीवर नोकरीला गेलेला की आफ्रिकेत गेलेला? बाहेर आल्यावर ती नवऱ्यावर उखडली. “अहो, तो बाप्तिस्मा झालेला तरी होता का?”

“कसा होईल? ख्रिस्ताच्या आधीच मेला तो. म्हणूनच बिचाऱ्यासाठी कुणी प्रार्थना केली नसेल.”

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्या घरात आर्किमिडीजचा हात न लागलेली एकच गोष्ट होती. क्लेमेंटीनची पानवेल. बेणं तिनं माहेराहून, बोळिंजहून आणलं होतं. इथल्या जमिनीत विड्याचं पान लागणार नाही, असं सासू म्हणाली होती. क्लेमेंटीननं पांगाऱ्याच्या आधारानं वेली चढवल्या, केळींची सावली दिली, आणि चार पावसाळ्यांत बावखलाच्या काठापासून कुंपणापर्यंत हिरवी भिंत उभी केली. पहाटे पानं खुडायला गेली की ती कुणाशी बोलायची नाही. सुनेनं त्या घरात स्वतःच्या हातानं उभं केलेलं तेवढंच होतं. बाकी सगळं सासरचं होतं.

पानवेल म्हणजे लाडावलेलं पोर. उन्हाळ्यात दिवसाआड पाणी हवं म्हणजे हवं. एकदा चुकलं तर पान मलूल होतं. दुसऱ्यांदा चुकलं तर पिवळं पडतं. त्यानंतर वेल सांधे सोडते, आणि मग देव आला तरी उपयोग नाही.

पाणी होतं बावखलात. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. हे बावखल प्लासिड आणि त्यांचा थोरला भाऊ वॉल्टर यांचं सामाईक. काठावर एक रहाट, रहाटाला एक रेडा, आणि रेडा हाकायला जूचंद्रचा पांडू. एक दिवस पाणी वॉल्टरच्या केळींना, दुसऱ्या दिवशी प्लासिडच्या वाडीला. नाताळ उरकला की दोघे भाऊ काठावरच्या क्रुसापुढे बसून पाळी ठरवायचे. क्रुसापुढे दिलेला शब्द दोघांनी मिळून बदलला तरच, एकट्यानं पाऊस पडेपर्यंत मोडायचा नाही, ही वाडवडिलांची रीत. तिथं बायका बसत नसत.

एक्कावन्न साली ईस्टर झाला आणि दुसऱ्या दिवशी क्लेमेंटीन खोरं घेऊन पाट मोकळा करायला गेली. रहाट फिरत होता. पाणी मात्र वॉल्टरच्या बाजूला चाललं होतं.

“पांडू, आज पाळी आमची.”

पांडूनं रेड्याकडे बघितलं, मग रहाटाकडे. तिच्याकडे काही बघितलं नाही. “न्हाय, बाई. आजपास्नं रहाटाचं समदं पानी थोरल्या दादांचं. मास्तरांनीच सांगितलं, क्रुसापुढं.”

“कधीपर्यंत?”

“पाऊस येईस्तोवर.”

क्लेमेंटीन खोरं तिथंच टाकून घरी आली. मास्तर आरशासमोर दाढी करत होते.

“मास्तर, आपलं पाणी कुठं गेलं?”

ती रागावली की ‘अहो’ जाऊन ‘मास्तर’ यायचं. मास्तरांना ते ठाऊक होतं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. “तुला सांगणारच होतो. दादाला दिलं. त्याच्या बदल्यात त्यानं उंडीचं झाड दिलं. होड्यांना वापरतात ते लाकूड. पाण्यात कुजत नाही.”

“लाकूड काय पाजू वेलींना?”

“आर्किमिडीजचं मळसूत्र करतोय आपण, क्लेमेंटीन! एक लांब पिंप. आत फिरत गेलेली पट्टी, जिन्यासारखी. एक तोंड पाण्यात ठेवायचं, तिरकं, आणि वरून फिरवायचं. प्रत्येक वळणावर पाणी खालीच उतरत असतं, आणि उतरता उतरता वर चढतं. रेडा नको, रहाट नको, पाळी नको. रोज पाणी! पाचूबंदरचा डॉमनिक सुतार करतोय. आठवड्यात येईल.”

“उतरता उतरता चढतं,” ती म्हणाली. “म्हणजे तुमच्यासारखंच. शहाणे होता होता खुळे झालात.”

ती तशीच वॉल्टरकडे गेली. वॉल्टर ओट्यावर बसून केळीचे लोंगर उतरवून घेत होता.

“दादा, आमची पाळी परत द्या. माझ्या वेली जातील.”

“शब्द तुझ्या नवऱ्यानं दिला. मी मागायला गेलो नव्हतो.”

“तो खुळा आहे हे तुम्हाला माहीत नाही?”

“लहानपणापासून माहीत आहे,” वॉल्टर म्हणाला. “पण खुळ्यानं दिला तरी शब्द शब्दच. क्रूस काय विचारतो, शहाणा कोण म्हणून?”

मग घागरी सुरू झाल्या. बावखलाच्या पायऱ्या उतरायच्या, भरायची, चढायचं, एकेका वेलीच्या मुळाशी ओतायची. शाळेतून आल्यावर मास्तरही धोतर खोचून आले. पहिली घागर नेताना ते अर्ध्या वाटेत थांबले आणि हिंदकळणाऱ्या पाण्याकडे टक लावून बघत बसले. क्लेमेंटीननं घागर हातातून काढून घेतली. “घरी जा,” ती म्हणाली. “आहे तेवढंही सांडाल.”

आठवडा सरला. मळसूत्र आलं नाही. कुंपणाकडच्या वेली पिवळ्या पडल्या. खाली पडलेलं पान उचलून तिनं मास्तरांच्या पुस्तकावर ठेवलं. मास्तरांनी ते हळूच बाजूला केलं आणि पुढचं पान उलटलं. तिला वाटलं, आता या माणसाच्या डोक्यात घागर घालावी. घागर भरलेली होती म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः पाचूबंदरला गेली. डॉमनिक वाळूत उकिडवा बसून फटींत कापूस आणि राळ ठासत होता. समोर ते लांबलचक लाकडी पिंप पडलं होतं. लोखंडी कड्यांनी आवळलेलं, तेल पाजून चकचकीत केलेलं. वर मूठ. क्लेमेंटीनला ते नाइलाजानं का होईना, आवडलं.

“मास्तरांची बाय ना तू? परवा गाडीत घालून देतो. हा डॉमनिकचा हात हाय. जन्मभर होड्या केल्या. एक थेंब पानी आत शिरनार न्हाय!”

“फटीतून गळणार नाही ना?”

“सांगितलं ना. थेंब न्हाय.”

तिनं घरी येऊन ते सांगितलं. मास्तर खूश झाले. “बघ, चांगला माणूस निवडला की नाही?” तीही जरा निवली. पुढे ती म्हणायची की त्या दिवशी तिची अक्कलही राळेनंच बुजली होती.

गाडी आली तेव्हा काठावर सगळा गाव जमला. होडी पाण्यात घालताना घालतात तसा डॉमनिकनं पिंपाला झेंडूचा हार घातला होता. बाजूला पांढऱ्या रंगात क्रूस काढला होता. पाद्री आशीर्वाद द्यायला आले. कोणाच्या नावानं, त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, आर्किमिडीजच्या. तसा कोणी संत नाही, असं पाद्री म्हणाले, आणि त्यांनी संत पीटरच्या नावानं पाणी शिंपडलं. मास्तर वरच्या टोकाला मुठीशी खटपट करत होते. खालचं टोक दोरांनी धरून चार जणांनी पाण्यात सोडलं.

पिंप बुडालं नाही.

मास्तरांच्या हातून मूठ सुटली, ते सावकाश आडवं झालं, जरासं डुललं, आणि बावखलाच्या मधोमध जाऊन थांबलं. हारासकट. क्रुसासकट. एखादी लहानशी, देखणी होडी असावी तसं.

मग वॉल्टरचा आवाज आला. “अरे प्लासिड, होडीच पाहिजे होती तर बोलायचं होतंस. झाड थोडं मोठं दिलं असतं.”

गाव हसायला लागला. पाद्रीही पाठ फिरवून हसले. डॉमनिक मात्र छाती काढून उभा होता. खालचं तोंड त्यानं फळ्या बसवून, घासून, पार बंद करून टाकलं होतं.

“अरे, तोंड बंद का केलंस?” मास्तर ओरडले. उभ्या आयुष्यात ते तेवढंच ओरडले असतील.

“मास्तर, चित्रात तुमी ते उघडं ठेवलं होतं. इसरला असाल म्हटलं. पान्यात जानारी वस्तू, खालनं उघडी? बुडंल ना! तुमची चूक मी सुधारली. लोकांत बोललो न्हाय, तुमाला वाईट वाटंल म्हनून.”

क्लेमेंटीन नवऱ्याकडे बघत राहिली. आता तरी हा माणूस खचेल, चिडेल, निदान लाजेल. मास्तर काठावर गुडघे टेकून बसले. त्यांचा चेहरा उजळत चालला होता.

“बघितलंस?” ते तिला म्हणाले. “किती खोल बसलंय ते बघ. जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढंच त्याचं वजन. हाही त्याचाच नियम! दोन हजार वर्षं झाली, आणि सांडोरच्या बावखलात...”

“मास्तर!”

गावाचं हसू थांबलं. एवढा मोठा आवाज तिचाही कुणी ऐकला नव्हता.

“माझ्या वेली मरतायत आणि तुम्ही लाकूड किती बुडलं ते बघताय?”

तिनं पांडूच्या कमरेचा कोयता ओढून घेतला. लुगडं खोचलं. कमरेइतक्या पाण्यात उतरून तिनं दोर धरून पिंप ओढलं आणि डॉमनिकच्या त्या सुंदर फळ्यांवर घाव घालायला सुरुवात केली. राळ चिवट होती. डॉमनिक काठावर कळवळत होता, “अगं बाय, अगं बाय, ती जोड बघ तरी!” शेवटची फळी निघाली. पिंपानं भक्कन पाणी प्यायलं, तोंड खाली घातलं आणि मास्तरांच्या पुस्तकातल्या चित्रात असतं तसं तिरकं होऊन बसलं.

मास्तरांनी वरचं टोक काठावर धरून मूठ फिरवली. काही झालं नाही. आणखी फिरवली. आतून गुळगुळ आवाज आला, आणि वरच्या तोंडातून पाणी पाटात पडलं. पुन्हा पडलं. मग धार लागली.

गावानं टाळ्या वाजवल्या. क्लेमेंटीन चिंब भिजून, हातात कोयता घेऊन पाण्यात उभी होती. तिला रडावं की हसावं तेच कळेना. म्हणजे हा माणूस याही वेळी बरोबर होता. तांब्याच्या वेळी होता तसाच.

पण मास्तरांनी सगळं मोजलं होतं, एक गोष्ट सोडून. रहाटाला रेडा होता. मळसूत्राला कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची वेळ झाली तशी मास्तरांनी मूठ सोडली. “वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे,” ते म्हणाले. “मी गेलो की तू जरा...”

“मी रेडा आहे?”

“तसं नाही गं. यंत्र हलकं आहे. बाईमाणसालासुद्धा...”

“सिराक्यूजमध्ये कोण फिरवायचं हे?”

मास्तर जरा घुटमळले. “गुलाम असावेत.”

“आणि त्याची बायको काय करायची?”

“बायकोचं पुस्तकात काही नाही.”

“नाही कसं? त्या न्हाणीत पाणी कुणी ओतलं? तो उघडा धावला तेव्हा सांडलेलं कुणी पुसलं? दोन हजार वर्षं त्याचं नाव घेताय, तिचं एकदा तरी कुणी विचारलं?”

हे मास्तरांना खरोखर कधी सुचलं नव्हतं. त्यांनी छत्री ठेवली. कोट काढून कुंपणावर टाकला. त्या दिवशी ते शाळेत उशिरा पोचले, आणि पुढे रोज शाळेआधी आणि शाळेनंतर मूठ त्यांनीच फिरवली. हाताला फोड आले. खडू धरता येईना. मूठ फिरवताना गोष्ट सांगायला दम पुरेना, हा क्लेमेंटीनला झालेला एक जास्तीचा फायदा.

तरी एका मास्तराच्या हातानं चढणारं पाणी ते किती! वैशाखात बावखल खाली गेलं, धार बारीक झाली. पाणी कुंपणापर्यंत पोचायच्या आत माती पिऊन टाकायची. कुंपणाकडच्या सगळ्या वेली गेल्या. मधल्या बहुतेक गेल्या. काठाजवळच्या ओळी तेवढ्या जगल्या. जूनमध्ये पाऊस आल्यावर क्लेमेंटीननं वाळक्या वेली ओढून काढल्या, त्यांचा ढीग केला आणि मास्तरांना दाखवला. मास्तर बराच वेळ ढिगाकडे बघत उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांनी त्यात कुठलाही नियम शोधला नाही. “चुकलं माझं,” ते म्हणाले. ती जगलेल्या वेलींची बेणी तोडायला बसली.

नाताळ उरकला. भाऊ क्रुसापुढे बसले. पांडू सुपारी कातरत होता. क्लेमेंटीन आली आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर बसली.

वॉल्टर चपापला. “हे काय? इथं बायका बसत नाहीत.”

“माहीत आहे. म्हणूनच गेल्या वर्षी वेली गेल्या.” तिनं क्रुसाकडे हात केला. “आमच्या घरची पाळी यंदापासून माझी. माझ्या नावानं बोला. ती दिली, मोडली, बदलली तर मीच. मास्तरांच्या शब्दावर एक घागरही कुणी हलवायची नाही.”

“प्लासिड, ऐकतोस ना? तुझी बायको तुझ्या हातचं पाणी मागते आहे.”

“बरोबर मागते आहे,” मास्तर लगेच म्हणाले. “माझ्या नावावर ते सुरक्षित नाही. मी स्वतः अनुभव घेतला आहे.”

वॉल्टरला भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं. त्यानं पांडूकडे बघितलं. पांडू म्हणाला, “रेड्याला काय, दादा. बाई हाकंल तरी चालंल.”

शब्द झाला. सोमवार वॉल्टरचा, मंगळवार क्लेमेंटीनचा, असा पुढे पाऊस पडेपर्यंत.

क्लेमेंटीन उठली. लुगड्याची माती झटकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं की आता डोक्यावरचं ओझं उतरलं. तेवढ्यात मागून मास्तरांचा आवाज आला. पाळीच्या जबाबदारीतून सुटलेला माणूस चांगलाच मोकळा झाला होता.

“दादा, आता मला वेळच वेळ आहे. तुझ्या गोठ्यामागं त्या दोन मोठ्या कप्प्या पडल्यात ना, दोरासकट? आर्किमिडीजनं एकट्यानं अख्खं गलबत ओढलं होतं, माहीत आहे? एका हातानं, बसल्या जागी. मला वाटतं, रेड्याला...”

“पांडू,” क्लेमेंटीन मागे न बघता म्हणाली, “रेडा माझ्या गोठ्यात बांध. आत्ताच्या आत्ता.”